आधी टोच, मग बांगडी

केशरबाई कासारणीच्या चेहऱ्यावर लहानपणी आलेल्या देवीचे व्रण होते आणि त्याचं तिला काडीचंही वाईट वाटत नसे. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन ती पुणतांब्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्या हिंडायची. बायका हात पुढं करून बसत आणि बांगड्या भरता भरता माहेर-सासरचं सगळं तिच्याजवळ ओतत.

एकाहत्तरच्या वैशाखात एका वस्तीवर गोजरबाईच्या चांगुणाचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. केशरबाई चुडा घेऊन पोचली. आधी पाहुण्या बायका बसल्या. शेवटी गोजरबाईची धाकटी बहीण मनकर्णा पदरात तोंड लपेटून आली. ती खांडव्याहून आगगाडीनं आली होती आणि आल्यापासून अंगात ताप होता.

केशरबाईनं बांगडी चढवायला तिचा पंजा दाबला आणि थांबली. तळहाताच्या कातडीखाली बाजरीसारखे कडक दाणे लागत होते. तिनं हळूच पदर सारला. चेहराही भरून आला होता.

"कांजिण्या हायेत," गोजरबाई घाईनं म्हणाली.

"कांजिण्या पाठीपोटावर उठत्यात गं, मऊ पाण्याच्या फोडावानी. तळहातावर असल्या कडक न्हाईत उठत. ही देवी हाय."

गोजरबाईनं केशरबाईचा हात धरला. "मावशी, हळू बोला. लग्न मोडंल माझ्या पोरीचं!"

"मोडत न्हाई, पुढं जाईल. लपवलं तर वऱ्हाडासंगं देवी गावोगाव जाईल. पाहुण्यांना हितंच थांबवून धरा, मी आले."

पाटी तिथंच ठेवून ती तडक पुणतांब्याला गेली आणि देवी टोचणाऱ्या रंगनाथला सायकलसकट घेऊन आली. त्यानं मनकर्णाला पाहिलं आणि देवीच असल्याचं सांगितलं. शेतातली रिकामी छपरी झाडून तिला तिथं ठेवायचं ठरलं. पण तिच्याजवळ राहणार कोण?

"मी," केशरबाई म्हणाली. "मला एकदा येऊन गेलीय. पुन्हा न्हाई यायची."

"बरोबर आहे," रंगनाथ म्हणाला. "आता हिला भेटलेल्या प्रत्येकाला टोचायचं. मग त्यांच्या शेजारच्यांना. चारी बाजूंनी कुंपण घातलं की रोगाला पुढं वाट राहत नाही."

पण त्याला पाहताच बायका चुलीआड पळाल्या. कुणाला देवीच्या कोपाची भीती, कुणाला परक्या पुरुषानं दंड धरण्याची लाज. दुसऱ्या दिवशी छपरीतून निघून केशरबाईनं गरम पाण्यानं आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली आणि मांडवात बैठक मारली.

"आधी टोच, मग बांगडी! टोचल्याबिगर माझ्या पाटीला हात लावायचा न्हाई!"

पहिली चांगुणाच पुढं आली. दोन टोकांची बारीक सुई दंडावर भराभर टोचली गेली तेव्हा ती डोळे मिटून बसली होती. "झालं?" तिनं विचारलं. "मला वाटलं अजून लस काढताय!" मांडवभर हशा पिकला. मग रांगच लागली. दुपारपर्यंत लग्नाला आलेल्या म्हाताऱ्यासुद्धा बाह्या वर करून भांडायला लागल्या, "माझा नंबर आधी हुता!"

छपरीत मनकर्णा रडायची. "मावशी, माझं तोंड आता कसं दिसंल?"

"माझ्यासारखं! अन् माझ्या नवऱ्यानं मला बघूनच पसंत केली हुती. तोंड बघत बघत चहा सांडला त्यानं." मनकर्णा तापातही हसली. केशरबाई तिला पेज पाजायची आणि अंगाखाली कडुनिंबाचा पाला घालायची. शेवटची खपली गळेपर्यंत केशरबाईशिवाय छपरीचा उंबरा कुणी ओलांडला नाही.

महिना गेला. वस्तीवर दुसरं कुणी आजारी पडलं नाही. ज्येष्ठात नवा मुहूर्त निघाला आणि चांगुणाचं लग्न वाजतगाजत झालं. मनकर्णाच्या गालांवर व्रण राहिले होते, तरी वरातीत सगळ्यांत जास्त फुगड्या तिनंच घातल्या.

पंगत उठल्यावर रंगनाथ घुटमळत केशरबाईजवळ आला. "पलीकडच्या गावात बायका दारंच उघडत नाहीत. येता का?"

"पायी न्हाई यायची," ती म्हणाली.

लोक बघतच राहिले. पन्नाशीची केशरबाई सायकलच्या कॅरिअरवर ऐसपैस बसली होती, मांडीवर बांगड्यांची पाटी. पुढं घामानं निथळणारा रंगनाथ पायडल मारत होता आणि ती मागून ओरडत होती, "जपून रे बाबा, खड्ड्यात घातलंस तर समदा चुडा तुलाच भरीन!"