बोर्डाखालचा पाट

आमच्या जुन्या घरात विजेच्या प्रत्येक बोर्डाखाली एक लाकडी पाट असायचा. जेवायला नव्हे, बटन दाबायला! ओल्या भुईवर उभं राहून बटनाला हात लावला की झिणझिण्या यायच्या, म्हणून माय आधी पाटावर चढायची. एकदा पाट विसरली आणि असा झटका बसला की पार फेकली गेली. तेव्हापासून तिनं कुठल्याच बटनाला हात लावला नाही. मी शाळेत शिकवायला गेले की नागभीडच्या उन्हाळ्यात ती दिवसभर बंद पंख्याखाली बसून राहायची. माझा जीव वर्गात लागायचा नाही.

शेजारच्याच जागेत नवं घर बांधायला काढलं. वायरिंगला गावातले एक मुसलमान मिस्त्री आले. मी हौसेनं चित्र काढून ठेवलं होतं. नागपूरच्या फ्लॅटात असतात तसे सॉकेट खाली, फरशीला लागून, आणि मिक्सरचा अगदी नळाच्या बाजूला. जुन्या घरी चहा घेताना त्यांनी चित्र पाहिलं, बाजूला ठेवलं आणि मायला विचारलं, "माय, हा पाट इथी काऊन?"

मायनं सगळी कथा सांगितली. ते मान हलवून म्हणाले, "बोर्डाखाली पाट म्हणजे घराले अर्थिंग नाई. गळालेल्या करंटले जमिनीत जायची वाटच नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मिस्त्री ओसरीत उभे, माय बादलीनं भुई धुतेय ते बघत! मी भडकलेच.

"भाऊ, तुमी वायरिंग करून राह्यले का तमाशा पाहून राह्यले?"

"पाणी भिंतीवर कुठवर उडते ते पाहून राह्यलो, मॅडम."

तीच उंची त्यांनी नव्या भिंतीवर कोळशानं आखली. माझ्या गुडघ्याच्याही वर! "सॉकेट याच्या वरच. अन् नळापासून दूर. नियमच आहे तसा. पण नियमात तुमची माय लिहिली नाई, म्हून पाहा लागते."

मी माझं चित्र घडी करून पिशवीत टाकलं. मागच्या अंगणात त्यांनी खोल खड्डा खणून घेतला, कोळसा-मीठ भरलं, आणि अर्थिंगची तार जोडल्याशिवाय एकाही बोर्डाला लाइन दिली नाही. असला हट्टी माणूस मी जन्मात पाहिला नाही, आणि असला कामाचा पक्काही.

घर झालं. माय दारात उभी, बगलेत पाट! मिस्त्री चप्पल काढून अनवाणी उभे राहिले, पंखा लावला, बंद केला आणि बाजूला सरकले.

माय तिथंच थबकली. मग पाट खाली ठेवून पुढं गेली, डोळे गच्च मिटले आणि बटन दाबलं.

पंखा फिरला. तिनं बंद केला. परत लावला. परत बंद, परत चालू. मला रडूच आलं.

मग मायनं पदरानं पाट पुसला, पंख्याखाली मांडला आणि मिस्त्रींना म्हणाली, "बसा भाऊ. जेवल्याशिवाय जायचं नाई."

मी ताट वाढायला गेले.