वाल्मिकची डाळिंबं, गहिनीनाथचं नाव

गहिनीनाथला भ्यायला कारण लागत नसे. विजेच्या खांबाला तो पावसाळ्यात वळसा घालून जायचा आणि उन्हाळ्यातही, सवय मोडू नये म्हणून. बँकेतला शिपाई हसला तरी याला वाटायचं, आपल्यावर काहीतरी निघालंय. पाथर्डीकडच्या त्या गावात त्याचे किस्से चहाबरोबर खपत. पण याच भ्यापायी त्याची डाळिंबाची बाग सगळ्यात सरळ राहिली होती. फवारल्यावर इतके दिवस फळ तोडू नका असं बाटलीवर असलं, की हा गडी वर आणखी आठवडाभर थांबायचा. औषधाला दिवस मोजता आले नाहीत तर काय घ्या!

राहुरीच्या बाजूच्या, फळं निवडून परदेशी पाठवणाऱ्या पॅकहाऊसातून राजेश्वरी मॅडम ब्लॉकचेन समजावायला आल्या, तेव्हा तो मंदिराच्या सभामंडपात दाराजवळ बसला. मॅडमनी सांगितलं ते असं: प्रत्येक क्रेटवर स्टिकर लावायचा. तो मोबाईलनं स्कॅन केला की बाग कुणाची, फवारणी कधी, तोडणी कधी, तपासणीत काय निघालं, सगळं दिसतं. ही नोंद एका जागी नसते. पॅकहाऊस, गाडीवाला, प्रयोगशाळा, परदेशातला व्यापारी, सगळ्यांकडे तिची नक्कल असते. शिवाय प्रत्येक नोंद मागच्या नोंदीला गाठ मारून बांधलेली. कुणी गुपचूप एक बदलली तर पुढच्या जुळेनाशा होतात. फायदा एवढाच, की फळात काही सापडलं तर अख्ख्या गावाचा माल अडत नाही, ती एक बाग तेवढी अडते.

लोकांनी माना डोलावल्या आणि चहाकडं बघितलं. गहिनीनाथला मात्र नीट कळलं. भावकीसमोर सुपारी फुटल्यावर कोण म्हणतो काही ठरलंच नव्हतं? तसंच हे.

"म्हंजी खोडता येत न्हाई," तो म्हणाला.

"नाही काका. चुकलं तर खाली दुरुस्तीची नवी नोंद जोडायची. जुनी तशीच राहते. आणि दुसऱ्याच्या बागेचा संबंध असेल, तर त्यानंही मोबाईलवर मान्य करायला हवं."

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

आणि एवढं समजलेल्या माणसानंच घोटाळा केला. गावात अर्धी गाडी पाठवायची पद्धत नव्हती. कुणाची पिकअप भरत नसली की शेजारी आपले क्रेट टाकून भर घालायचा, आणि त्याच्या खेपेला आपण. गहिनीनाथच्या तोडणीला गाडीत जागा उरली, तेव्हा बांधापलीकडच्या वाल्मिकनं आपले ताजे क्रेट आणून चढवले. दोघं शाळेपासूनचे. ड्रायव्हर हॉर्न मारत होता, स्टिकरची गुंडाळी गहिनीनाथच्या हातात होती. त्यानं वाल्मिकच्या क्रेटवरही आपलेच स्टिकर चिकटवले. वर्षानुवर्षं भर घातली होती, त्यात नाव कुणी कधी विचारलं होतं?

चार-पाच दिवसांनी दुपारी मोबाईलवर लाल अक्षरं आली. फळांत औषधाचा अंश सापडला. बाग तात्पुरती बंद. उद्या सकाळी पाहणी.

गहिनीनाथ बागेतच खाली बसला. डोक्यावर तोडणीला आलेली लालबुंद फळं लोंबत होती. ही बाग बंद झाली तर त्यातलं एकही या हंगामात परदेशी जाणार नव्हतं. त्याला पाणी द्यायला आलेली बायको, पुष्पावती, म्हणाली, "अहो, ती वाल्मिकभाऊजींची फळं. सांगून टाका मॅडमला."

"मग त्याची बंद पडंल."

"आणि न सांगितलं तर?"

गहिनीनाथ उठला. तो बांध ओलांडून गेला.

वाल्मिक झाडाखाली पाईप जोडत होता. फळ तडकायला लागलं होतं, म्हणून औषध मारून दोन-तीन दिवसांतच तोडणी केली, हे त्यानं हसतहसत कबूल केलं. लोक काय लगेच मरत न्हाईत, म्हणाला. मग याच्याकडं बघून त्याला आणखीच हसू आलं.

"गहिन्या, घाम पूस आधी. मशिनीला काय डोळे हायेत व्हय? तिला कुठं दिसतंय कुणाचं झाड?"

"न्हाई दिसत. म्हनून तर तिनं माजं नाव धरलंय."

वाल्मिकचं हसू जरा कमी झालं. तो म्हणाला, गप्प बस, तुझी बाग पुन्हा तपासतील, स्वच्छ निघंल, सुटशील.

"त्या क्रेटचं इचारतील ना. मला खोटं जमत न्हाई, वाल्मिका. तोंड उघडायच्या आत घाम फुटतो. आनि खरं बोललो तर तू माजं तोंड बघनार न्हाईस. म्हनून आधी तुला सांगाया आलो." त्यानं मोबाईल पुढं केला. ते क्रेट वाल्मिकच्या बागेचे, अशी दुरुस्तीची नोंद त्यानं त्याच्या डोळ्यांदेखत पाठवली.

वाल्मिकच्या खिशात टुणकन वाजलं. त्यानं मोबाईल काढला, वाचला. मग बोलला ते जिव्हारी लागणारं. "भित्र्याची संगत लई महाग पडती."

आणि 'मान्य' दाबलं.

सकाळी मॅडमची गाडी गहिनीनाथच्या फाटकावरून न थांबता पुढं गेली. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, तुमची बाग सुटली, पण दुसऱ्याचा माल मिसळल्याची नोंद तुमच्या नावावर कायम राहील. सुटल्याचा आनंद त्याला शिवलाच नाही. तो चपला घालून वाल्मिकच्या बागेकडं निघाला.

मॅडम तपासणीसाठी झाडाझाडावरून फळं तोडून पिशवीत भरत होत्या. वाल्मिक एकटाच हाताची घडी घालून उभा होता. चेहरा राखेसारखा.

"तू कशाला मरायला आलास?" तो पुटपुटला.

"घरी बसवंना. भ्या वाटतंय."

वाल्मिकनं त्याच्याकडं बघितलं नाही. पण तो अर्धं पाऊल सरकला, आणि सऱ्यांच्या मधल्या अरुंद बांधावर दोघांपुरती जागा झाली.