विनोद राऊतच्या फाइलवरचा शेरा

मयताचे नाव : विनोद महादेव राऊत, वय वर्षे अडतीस, मूळ राहणार यवतमाळकडचे, हल्ली राहणार बिबवेवाडी, पुणे. नातेवाईक : थोरली बहीण पुष्पा महादेव राऊत, व्यवसाय जेवणाचे डबे पुरविणे. मृत्यूचा दिवस : गेल्या महिन्यातला दुसरा मंगळवार, सकाळ. कारण : न्यूमोनिया, रुग्णालयाच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे. साक्षीदार पहिला : अन्वर शेख, झेरॉक्सवाले. साक्षीदार दुसरा : मी, दत्तात्रय नामदेव शेलार, अर्जलेखक, तहसील कचेरीच्या आवारातील कडुनिंबाखालचे टेबल.

सत्तावीस वर्षे मी कागदाची सुरुवात अशीच करीत आलो आहे आणि एका माणसाची आठवण लिहायला बसलो तरी हात त्याच वळणाने गेला. वाचकांनी क्षमा करावी. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले, पुढचे याच आवारात. माझ्या मसुद्यात आजवर कोणीही दुरुस्ती सुचविली नाही, असे वाक्य मी आता इथे लिहिणार होतो. ते खरे नाही. एकाने सुचविली होती. त्याच्याविषयीच हा मजकूर आहे.

त्या मंगळवारी मी एका आजींचा शिधापत्रिकेचा अर्ज लिहीत होतो. अन्वरभाई आपल्या दुकानातून मोबाइल हातात धरून आले आणि तो माझ्यापुढे केला. पलीकडे पुष्पाताई होत्या. "भाऊ, विनोद गेला," त्या म्हणाल्या. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "किती वाजता?" त्या म्हणाल्या, "सात वाजून काहीतरी झाले होते... तुमाले नेमकं पायजे काय?" मी नाही म्हणालो. आजींचा अर्ज पुरा केला, वाचून दाखवला, त्यांचा अंगठा घेतला आणि मग टेबल आवरले. त्या दिवशी दुपारी टेबल बंद पाहून दोघातिघांनी अन्वरभाईंकडे चौकशी केली म्हणे.

विनोदराव पहिल्यांदा आले ते दोन वर्षांपूर्वी, बहिणीच्या मागे दोन पावले अंतर ठेवून. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, हातात प्लास्टिकची फाइल. असा माणूस माझ्या टेबलापाशी आला की तो बहुधा दुसऱ्या कोणाच्या कामासाठी आलेला असतो. पुष्पाताईंनी मात्र त्यांच्याकडेच बोट केले. खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत ते टेस्टर होते. म्हणजे इतरांनी तयार केलेला प्रोग्रॅम वापरून बघायचा आणि त्यातल्या चुका शोधायच्या. सात वर्षे ते काम त्यांनी केले. मग ऑफिसात आपल्याविषयी कोणीतरी सारखे बोलते आहे असे त्यांना ऐकू येऊ लागले. रजेच्या दिवशी, घरी, मोरीतसुद्धा. आजाराला स्किझोफ्रेनिया म्हणतात हे कळेपर्यंत एक वर्ष गेले, नोकरी गेली, ठरलेले लग्न मोडले. आईवडील आधीच नव्हते. पुष्पाताई हडपसरच्या कारखान्यातले काम सोडून भावाला घेऊन बिबवेवाडीला दोन खोल्यांत राहू लागल्या आणि विद्यार्थ्यांना डबे देऊ लागल्या. सरकारी रुग्णालयाचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र त्यांनी कितीतरी खेपा घालून मिळविले होते. आता अनुदानाचा अर्ज करायचा होता.

"पैसा किती येईल ते जाऊ द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "त्याच्या नावानं घरात काही आलं म्हणजे त्याले जेवताना बरं वाटंल. आता दुसरी पोळी मागत नाही थो."

विनोदराव खाली बघत होते. मला तेव्हाच समजायला हवे होते की हा अर्ज अनुदानाचा कमी आणि त्या दुसऱ्या पोळीचा जास्त आहे. पण मी माझे ठरलेले वाक्य लिहिले, "अर्जदार हा मानसिक आजारामुळे कोणतेही काम करण्यास कायमस्वरूपी पूर्णपणे असमर्थ आहे." अंध, पांगळे, अंथरुणाला खिळलेले अशा शेकडो लोकांचे भले या वाक्याने झालेले आहे. मी अर्ज वाचून दाखवू लागलो, तर विनोदरावांनी कागद हळूच माझ्या हातातून घेतला.

"काका, हे वाक्य चुकीचं आहे."

"काय चुकीचं?"

"कोणतेही आणि पूर्णपणे. मी सकाळी अकरा ते एक बरा असतो. रोज नाही, पण बऱ्याचदा. औषधाची झोप तेव्हा उतरलेली असते. एकनंतर काही सांगता येत नाही. तसं लिहा ना."

मी त्यांना समजावले की सरकारी अर्जात 'बऱ्याचदा' हा शब्द चालत नाही. सही करणाऱ्या साहेबाला हो किंवा नाही एवढेच वाचायला वेळ असतो. "तीस वर्षं हेच वाक्य चालतंय," मी म्हणालो. तेव्हा खरे तर पंचवीस झाली होती.

"चालतं म्हणून बरोबर असतं असं नाही, काका," ते म्हणाले. आवाजात उद्धटपणा नव्हता. चूक दाखविण्याचीच ज्याला सात वर्षे सवय, तो जसा सांगेल तसे सांगितले. पुष्पाताई म्हणाल्या, "ऐक ना रे त्यायचं. ते जाणते हायेत." विनोदरावांनी सही केली. पेन परत खिशाला लावले आणि माझ्याकडे एकदा बघितले... ते बघणे माझ्याजवळ अजून आहे.

त्याच सुमारास अर्ज संगणकावरून भरायचा नियम आला. मी तेव्हा फार अडचणीत होतो, हे आज कबूल करण्यात कमीपणा वाटत नाही. भाषा माझी, पण चौकोन भरणे, छायाचित्र चढविणे, मध्येच ते सारे नाहीसे होणे हे माझ्याने निभेना. विनोदराव आपल्या अर्जाची चौकशी करायला आले असताना माझी ती धडपड त्यांनी पाहिली आणि मी न सांगता दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आपला जुना लॅपटॉप घेऊन आले. अन्वरभाईंनी दुकानातली एक हिरवी प्लास्टिकची खुर्ची दिली आणि वायर झाडापर्यंत आणली. मी मजकूर सांगावा, विनोदने तो भरावा. हो, तोवर विनोदरावांचा नुसता विनोद झाला होता. मोबदल्याची गोष्ट काढली की तो म्हणे, "मोबदला घेतला तर तुमचं ते वाक्य आणखी खोटं पडेल." चहा मात्र घ्यायचा, साखर कमी.

समोर बसलेल्या माणसाचे तो पूर्ण ऐकून घेई. एका आजोबांनी त्याला विचारले, "तुम्ही कंपनीतले का?" तो म्हणाला, "होतो. आता इथे बदली झालीय." अन्वरभाई हसले तसा तोही हसला. मी त्याला हसताना पाहिले ते तेव्हा, आणि आणखी एकदा. मधूनच एखाद्या दिवशी तो बोटे थांबवून म्हणायचा, "काका, आज आवाज फार आहे." सुरुवातीला मला वाटले, रस्त्यावरचा. मग समजले. असा दिवस आला की तो लॅपटॉप मिटून बससाठी निघे आणि आम्ही त्याला थांबवत नसू. वाण्याकडून मिळालेली एक दिनदर्शिका त्याने झाडाच्या खिळ्याला अडकविली होती. तिच्यात रोजच्या चौकोनात तो एक आकडा लिही. दोन, दीड, दोन, शून्य, एक... किती तास जमले ते. मी विचारले, हे कोणासाठी? म्हणाला, "कोणी विचारलं तर सांगता यावं."

आणि विचारणारे आले. चौकशीसाठी तलाठी बिबवेवाडीला घरी गेले. पुष्पाताई कधी खोटे बोलल्या नाहीत. त्यांनी सांगितले, "विनोद कचेरीतच गेलाय, शेलारभाऊंकडं." तलाठी आले, झाडापाशी उभे राहिले आणि बराच वेळ विनोदच्या बोटांकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "असमर्थ माणूस फार वेगानं टाइप करतो हो, शेलार."

मी म्हणालो, "साहेब, दोनच तास. तेही रोज नाही. ही दिनदर्शिका बघा."

"अर्जात कुठं आहेत दोन तास?"

तलाठ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी जे पाहिले ते लिहिले, आणि जे माझ्या हाताने लिहिलेले होते त्याच्याशी ते ताडून पाहिले.

आदेश आला : अर्जदार काम करीत असल्याचे आढळून आले, अर्जातील माहिती खोटी, अर्ज नामंजूर. विनोदने तो कागद उभ्या उभ्या दोनदा वाचला. त्यांच्या धंद्यात चुकीला बग म्हणतात. तो म्हणाला, "काका, बग तुमचा होता. नोंद माझ्या नावावर झाली." एवढेच. त्यानंतर तो त्या विषयावर माझ्याशी बोलला नाही. घरी मात्र पुष्पाताईंना त्याने विचारले होते, "ताई, मी खोटं कुठं बोललो गं?" हे मला आता तेराव्याला कळले.

मी लगेच अपील लिहिले. चांगले लिहिले. आणि मग मी दुसरी चूक केली, जी पहिलीपेक्षा मोठी होती. मी विनोदला म्हणालो, "अपिलाचा निकाल लागेपर्यंत टेबलावर बसू नका. पुन्हा कोणी पाहिलं तर सगळंच जाईल." त्याने वाद घातला नाही. दिनदर्शिका खिळ्यावरून काढली, गुंडाळी करून पिशवीत घातली आणि गेला. माझा सल्ला कायद्याच्या दृष्टीने योग्य होता, आजही आहे. पण अकरा वाजले की त्या माणसाला आता जायला कुठे उरले नव्हते. आठ महिने अपिलाचे उत्तर आले नाही. पुष्पाताई फोनवर सांगत, थो उठतच नाही भाऊ, तोंड भिंतीकडं करून निजते. मी म्हणे, थोडी कळ काढा.

शेवटची भेट गेल्या चैत्रातली. तो उत्तर आले का विचारायला आला होता. दाढी वाढलेली, सदरा तोच पण इस्त्री नव्हती. मी एका बाईंचा अर्ज भरण्यात अडकलो होतो, चौकोन लाल होऊन बसले होते. तो खुर्चीवर बसला नाही. मीच मना केले होते ना. माझ्या खांद्यावरून वाकून त्याने काहीतरी दुरुस्त केले, बाईंना नाव विचारले, तारीख नीट केली, अर्ज गेला. त्या बाईंनी त्याला "देव भलं करो" म्हटले आणि तो हसला. दुसऱ्यांदा. आणि मी... मी कचेरीच्या दाराकडे बघत त्याला म्हणालो, "लवकर निघा, कोणीतरी बघेल."

त्यामुळे तो गेला असे मी म्हणत नाही. कागदावर न्यूमोनिया आहे आणि कागद मी मानतो. जेवण तुटले होते, अंगात ताकद नव्हती, ताप छातीत उतरला, चार दिवसांत संपले. पुष्पाताईंनीही मला कधी बोल लावला नाही. तेराव्याला त्यांनी मला आत बोलावले आणि ती दिनदर्शिका हातात दिली. "तुमच्याकडंच असू द्या भाऊ. तुमच्याच झाडाची हाय ते." घरी आणून मी चष्मा लावून एकेक पान बघितले. झाडाखालचे महिने आकड्यांनी भरलेले. मग तो टेबल सोडून गेला त्या दिवसापासून शून्य, शून्य, शून्य, एकही चौकोन रिकामा न सोडता, नव्या वर्षी मागे नवी दिनदर्शिका टाचून तिच्यातही शून्य. आणि चैत्रातल्या एका चौकोनात बारीक अक्षरात : "१० मिनिटं. उभ्यानं."

दिनदर्शिका पुन्हा त्याच खिळ्याला लावली आहे. हिरवी खुर्ची अन्वरभाईंनी एकदा उचलली होती, "आत घेऊ का?" म्हणून. मग माझ्याकडे बघून परत ठेवली. माझे ते वाक्य मी आता लिहीत नाही. समोरच्याला विचारतो, किती वेळ जमते, कोणत्या वेळी, जमत नाही तेव्हा काय होते. अर्ज लांबतात, कारकून कुरकुरतात, एकदोन परतही आले. ते मी तसेच पुन्हा पाठविले.

सबब विनंती की, कैलासवासी विनोद महादेव राऊत यांच्या फाइलवरील 'माहिती खोटी' हा शेरा काढून टाकावा. ती माहिती त्यांनी दिलेली नव्हती. त्यांनी खरी माहिती दिली होती, ती मी लिहिली नाही. शेरा ठेवणे आवश्यकच असेल तर तो माझ्या नावापुढे ठेवावा. अनुदान आता मागत नाही. सोबत दिनदर्शिकेच्या सर्व पानांच्या प्रती जोडल्या आहेत, अन्वर शेख यांनी त्या स्वतः काढून दिल्या. उत्तर लेखी द्यावे आणि बिबवेवाडीच्या पत्त्यावर, विनोद यांच्याच नावाने पाठवावे. पुष्पाताई ते घेतील. आणि उत्तराचा मसुदा करताना तो पाठविण्यापूर्वी विनोद राऊत तपासून पाहणार आहेत, असे समजून करावा. मी हा मजकूर तसाच लिहिला आहे.