झोप आणायला नागावला

नागावला लोक समुद्र बघायला जातात. साठ सालाच्या आसपास आम्ही नवराबायको तिथे झोप आणायला गेलो होतो. हे मुंबईत तारऑफिसात कामाला. दिवसभर तारेच्या यंत्रावर कडकट्ट करून घरी आले, तरी अंथरुणावर बोटं चालूच. महिनाभर धड झोप नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नोकरी सोडावी लागेल. मी घाबरले आणि ह्यांना ओढत त्यांच्या आत्याकडे घेऊन निघाले.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच. तेव्हा भरती बघून निघावं लागे, नाहीतर उतरताना गुडघाभर चिखल. आम्ही अर्थातच ओहोटीला पोचलो! पुढे एस.टी., मग बैलगाडी. आत्याच्या हातचं वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी खाल्ली, तेव्हा कुठे माझा राग निवला.

"सदू, झोप येत न्हाय म्हणजे काय? पाय दे इकडं," आत्या म्हणाल्या. खोबरेल लावून काशाच्या वाटीने त्यांनी ह्यांचे तळवे काळे होईपर्यंत चोळले. "बघ, कशी उष्णता निघतेय." उष्णता निघाली असेल, झोप काही आली नाही. दोन रात्री हे आढ्याकडे बघत पडून होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्या वाडीला पाणी लावून आल्या आणि वाटी ह्यांच्या हातात कोंबली. "तुझी झोप ऱ्हाऊ दे. माझे पाय भगभगतायत, आधी मला निजव."

हे तोंड वाकडं करून चोळायला बसले. मग आत्यांचा डोळा लागला, तसा ह्यांचा हात जपून, हळू फिरायला लागला. मी चहा घेऊन आले, तर आत्या घोरत होत्या आणि हे खांबाला टेकून गाढ झोपलेले. बोटं अगदी शांत. मला रडूच आलं.

निघताना आत्यांनी वाटी बांधून दिली. पण मुंबईत हे निजवणार कुणाला?

पहिल्याच रात्री म्हणाले, "पाय पुढे कर."

"अहो, काहीतरीच! बायकोच्या पायाला हात लावतात का?"

"दार लावलंय."

मला गुदगुल्या व्हायच्या. तोंडात पदर कोंबून मी हसत राहिले. हसू थांबलं तेव्हा पाहिलं, हे बसल्या बसल्या झोपले होते, माझा पाय मांडीवर घेऊन. पायाला मुंग्या आल्या, पण सकाळपर्यंत मी तो काढून घेतला नाही.