हेक्टर लेडलॉचं पुरलेलं धन

“चांदीला माती मानवते,” असं हेक्टर लेडलॉ नेहमी म्हणायचा. त्याच्याजवळ स्कॉटलंडच्या अलेक्झांडर राजाच्या काळच्या, सातशे वर्षांपूर्वीच्या चांदीच्या एकसष्ट पेनी होत्या. जुन्या गुप्तधनांतून विकायला आलेल्या, तीस वर्षांत एकेक करून घेतलेल्या. मेंढरांचं काम उरकलं की तो भिंगातून त्यांच्यावरच्या ताऱ्यांची टोकं मोजत बसे.

शेजारच्या गावात चोरी झाली आणि त्याच आठवड्यात हेक्टर आणि त्याची बायको नेटी यांना तिच्या बहिणीकडे जायचं होतं. त्याने पेनी चर्चमागच्या माळावर पुरल्या. प्लास्टिकच्या डब्यात घालणं त्याला अपमान वाटला. म्हणून खरोखरचं जुनं मातीचं मडकं घेतलं, पेनींच्या नोंदीच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या, वर चपटा दगड ठेवला.

परत येतो तर मडकं गायब. धातू शोधायचं यंत्र घेऊन हिंडणाऱ्या इशबेल टर्नबुलला ते सापडलं होतं, आणि तिने कायद्याप्रमाणे लगेच सरकारला कळवलंही होतं. जमिनीत सापडलेलं असं बेवारशी जुनं धन तिथे राजाचं.

गावच्या हॉलमध्ये एडिनबरोच्या संग्रहालयातल्या बाई मडकं आणि त्यावर लिहिलेला अहवाल घेऊन आल्या.

“त्या माझ्या आहेत,” हेक्टर म्हणाला.

“आणि आमच्या घरातली कोंबडी राणीची,” मागून कुणीतरी म्हणालं.

हेक्टरने डोळे मिटून एकेका पेनीची टोकं सांगितली. चोवीस, सव्वीस, पंचवीस. एकही चुकली नाही. बाईंनी चष्मा काढला.

“पावत्या आहेत?”

“कपाटात,” नेटी म्हणाली. “जा, घेऊन ये. बसलास काय ठोंब्यासारखा?”

“आणल्यात तर पेनी तुमच्या,” बाई म्हणाल्या. “मला मात्र हे खोडावं लागेल.” त्यांनी अहवालाचा कागद वाचला. “सातशे वर्षांपूर्वी हे पुरणारा माणूस अत्यंत शहाणा, सावध आणि नाण्यांचा थोर पारखी असावा.”

हेक्टरला गावात आजवर कुणी शहाणा म्हटलं नव्हतं. नेटी तर पेनींना बटणं म्हणायची.

“खोडलंत, की त्या माणसाचं काय?” त्याने विचारलं.

“तो नव्हताच, असं होईल.”

हेक्टरने खुर्ची पुढे ओढली. “परत वाचा,” तो म्हणाला. बाईंनी परत वाचलं.

त्याने टोपी घातली आणि तो उठला. सगळ्यांना वाटलं, पावत्या आणायला निघाला. घर डावीकडे होतं. हेक्टर उजवीकडे वळला आणि नदीच्या वाटेने ताठ मानेने, जमीनदारासारखा सावकाश चालू लागला. नेटी खिडकीतून बघत होती. तिने हाक मारायला तोंड उघडलं, आणि मारली नाही.