खांद्यावरच्या पट्ट्या

नया बाजारात शिंपीकाकांचा कपडे शिवायचा कारखाना होता. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून संस्थानच्या फौजेचे कोट तिथेच शिवले जात. बोलताना ते माणसाच्या चेहऱ्याकडे न बघता खांद्यांकडे बघत आणि वाक्यागणिक "समझे ना?" म्हणत.

संस्थान विलीन झालं, फौज मोडली आणि कारखान्याचं काम आटलं. कारागीर एकेक करून गिरणीत गेले. त्या हिवाळ्यात मी वडिलांचा फौजी कोट घेऊन गेलो. खांद्यांवरच्या पट्ट्या काढून तो साधा करून हवा होता.

"आमचाच आहे," कोट उलटा करून ते म्हणाले. "हल्ली हेच काम येतं. समझे ना?"

"घाई नाही, काका."

"बसा. आत्ताच देतो."

त्यांनी एकेक टाका अलगद उसवला. पट्ट्या निघाल्या, पण त्यांच्याखालचं कापड विटलं नव्हतं. तिथे गडद खूण दिसू लागली. ओल्या फडक्याने ते ती पुसत राहिले.

"राहू द्या, काका. तो डाग नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले आणि पुसतच राहिले.

मी निघालो तेव्हा बंद मशिनींच्या रांगेत ते एकटेच उभे होते. हातातल्या पट्ट्या कुठे ठेवाव्यात, हे त्यांना सुचत नव्हतं.