साखरेच्या डब्यातला उजेड

बुधवार, १२ फेब्रुवारी. सकाळी पाणी कमी दाबाने आले. चादरी धुतल्या. दुपारी लेक आली. घंटा वाजवून, दार बडवून थकली. शेवटी सुताराला बोलावून कडी उचकटली. मी मागच्या खोलीत घड्या घालत होते. काही ऐकू आले नाही. कडीचा एक स्क्रू सापडत नाही.

वहिनींनी रोजनिशीत एवढेच लिहिले. लेक काय बोलली ते लिहिले नाही, पण ते त्यांना नीट दिसले होते. दिसले म्हणायचे, कारण अलीकडे समोरच्याचे निम्मे बोलणे त्या ओठांवरून वाचत. लेकीच्या ओठांना कापरे सुटले होते. "आई, दाराबाहेर उभ्या उभ्या मी काय काय मनात आणलं, तुला कल्पना नाही. आता पुरे. पुढच्या रविवारी बॅग घेऊन येते. माझ्याकडे राहायचं."

नवरा गेल्यापासून वहिनी त्या तीन खोल्यांत एकट्याच होत्या. तिथली प्रत्येक वस्तू डोळे मिटूनही हाताला लागे. लेकीचे घर चांगले होते, जावई भला होता. पण तिथे चहाचे भांडे कुठल्या कपाटात, हे दर वेळी विचारावे लागे.

वरच्या मजल्यावर त्यांचे धाकटे दीर राहत. भावजींचा जन्म सिनेमाच्या थिएटरात, पडद्यासमोरच्या वरच्या मशीनच्या खोलीत गेला. दोन मोठ्या यंत्रांवर ते रिळे चढवत. लोक खाली रडत-हसत, तेव्हा यांचे कान यंत्राच्या घरघरीला लागलेले. आवाज जरा बदलला की फिल्म तुटणार, हे त्यांना आधी कळे. लग्न राहून गेले. "बाराही महिने संध्याकाळी कामावर असणाऱ्याला कोण मुलगी देणार?" असे ते म्हणत. मग थिएटर बंद पडले आणि त्या हातांना काही काम उरले नाही. तेव्हापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बिघडलेले पंखे, इस्त्र्या आणि रेडिओ त्यांच्या टेबलावर येऊन पडू लागले.

बुधवारचा प्रकार कळल्यावर ते खाली आले आणि वहिनींच्या तोंडासमोर खुर्ची ओढून बसले.

"वहिनी, तुम्हाला ऐकू येत नाही, पण दिसतं ना? घंटेचा दिवा करू. दारावर कळ दाबली की घरात दिवा लागेल."

"आणि मी न्हाणीघरात असले म्हणजे? भिंती फोडून घरभर वायरी ओढणार का?"

"वायर नाहीच. दिवा उचलून जिथे जाल तिथे न्यायचा."

"विकत मिळत असेल की असलं काही."

"मिळतं. पण त्याची किंमत ऐकली की वाटतं, बहिरेपण परवडलं."

दुसऱ्या दिवशी सुट्या भागांच्या दुकानात वहिनीही बरोबर गेल्या. अरुंद दुकान, जमिनीपासून छतापर्यंत बोटभर उंचीचे खण. दुकानातल्या बाईंनी एकेक खण ओढून समोर मांडला. तांदळाएवढे तुकडे, त्यांच्यावर रंगीत पट्टे. जणू बाहुल्यांच्या बांगड्या. वहिनी नाक लावून बघत राहिल्या. भावजींनी निरोप धाडणारी एक चिमुकली पट्टी घेतली, तो झेलणारी दुसरी घेतली, चार पांढरे दिवे घेतले. बॅटरी घेतली नाही. "माझ्या जुन्या मोबाइलची आहे, तिच्यात अजून धुगधुगी आहे."

"काका, याला वरून डबा नको? हा घ्या. खास याच कामाचा, स्क्रूसकट," बाईंनी काळी पेटी पुढे केली.

भावजींनी किंमत विचारली आणि पेटी अलगद जागेवर ठेवली. "आत राहणाऱ्या सगळ्या मंडळींपेक्षा घरच महाग! बाई, आम्ही घरात घर शोधतो."

घरी शोधाशोध झाली. दारावरच्या कळेसाठी प्रवासातली साबणाची डबी मिळाली. झाकण घट्ट, पावसाची भीती नाही. आतल्या दिव्यासाठी मात्र भावजींनी आणलेला प्रत्येक डबा वहिनींनी नाकारला. हा कळकट, तो चेपलेला. मग त्या स्वतःच उठल्या आणि कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. झाकणावर उठावाची फुले होती. नवऱ्याने त्यात आयुष्यभर शर्टांची बटणे साठवली होती.

"ह्यांचा डबा आहे. यात शोभेल."

भावजींनी बटणे वाटीत काढली, दिव्यांसाठी आणि खटक्यासाठी भोके पाडली, कडा कानशीने घासल्या, आत जुन्या गोधडीचा तुकडा चिकटवला. पुढच्या आठवड्यात, शनिवारी सकाळी सगळे तयार झाले. डबा टेबलावर उघडा ठेवून भावजी दाराकडे गेले. दिवे लागले! वहिनींनी टाळीच वाजवली. मग झाकण लावले. भावजींनी कळ दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. काही नाही.

झाकण उघडले, दिवे लागले. लावले, गुडुप.

"तुमच्या दादांचा डबा आहे," वहिनी म्हणाल्या, "त्यांना कुणी मधेच हाक मारलेली खपत नसे."

भावजींना हसू आले नाही. त्यांनी प्रत्येक जोड पुन्हा डाग देऊन पक्का केला, बॅटरी बदलली, गोधडी उपटली. दुपार झाली तरी तेच. लेक उद्या येणार होती. वहिनी मुकाट्याने उठल्या आणि कपाटातल्या साड्या वर-खाली करू लागल्या. कुठल्या न्यायच्या, कुठल्या ठेवायच्या. ते बघून भावजींचा चेहरा उतरला. ते उंबऱ्यात जाऊन नुसतेच उभे राहिले. आणि तिथेच, दाराच्या चौकटीला टेकल्यावर, त्यांना काहीतरी आठवले.

"वहिनी! आमची मशीनची खोली!" ते धावत आत आले आणि वहिनींच्या समोर उभे राहून हातवारे करू लागले. "आगीच्या भीतीनं तिला चारी बाजूंनी पत्रा मारलेला होता. मी क्रिकेट ऐकायला रेडिओ न्यायचो. आत नेला की मेला. दारात उभं राहिलं की बोलायचा. सारी नोकरी मी त्या रेडिओला शिव्या दिल्या. अहो, रेडिओ चांगला होता! पत्रा त्याला काही ऐकूच देत नव्हता!"

वहिनींनी डबा हातात घेतला. विटांची जाड भिंत जे अडवू शकत नाही, ते नखाएवढ्या जाडीचा पत्रा अडवतो. त्यांनी भिंतीकडे पाहिले. म्हणजे आत्ता, या क्षणी, या खोलीतून, आपल्या अंगातून, किती माणसांच्या हाका पलीकडे चालल्या असतील? त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपण एकट्याच काही ऐकत नाही असे त्यांना वाटत आले होते. इथे तर चांगल्या कानांच्या माणसांनाही यातले काही ऐकू येत नव्हते.

"प्लॅस्टिक पाहिजे," भावजी म्हणाले, "पण शनिवारी त्यांचं दुकान दुपारीच बंद होतं."

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या, साखरेचा डबा ताटात उपडा केला आणि तो धुऊन, पुसून त्यांच्यापुढे ठेवला. दुधी रंगाचा, घट्ट झाकणाचा. त्याला भोकही पाडावे लागले नाही. आत दिवे लागले की सगळा डबाच उजळे.

रविवारी लेक सांगितल्या वेळेच्या आधीच आली. वहिनी ओट्यापाशी पाठमोऱ्या भाजी चिरत होत्या. डबा फळीवर, साखरेच्या नेहमीच्या जागी होता. एकदम समोरच्या मांडणीतल्या ताटांवर, वाट्यांवर, तांब्यावर पांढरा उजेड पसरला. प्रत्येक भांड्यात एकेक चंद्र. वहिनींच्या हातातली सुरी तशीच राहिली. त्यांनी वळून पाहिले तर फळीवर उजेडाने भरलेला डबा! दार उघडायचे आहे हे त्यांना क्षणभर सुचलेच नाही.

दार उघडले तेव्हा लेकीचे बोट अजून साबणाच्या डबीवर होते.

"आई, तुला ऐकू आलं?"

"दिसलं."

लेकीने आईला आत पाठवले आणि पुन्हा कळ दाबली. मग वरून काकांना बोलावून कळ दाबायला लावली आणि स्वतः फळीसमोर उभी राहिली. मग डबा मागच्या खोलीत, मग न्हाणीघरात. दर वेळी तो लागला आणि दर वेळी ती लहान मुलीसारखी हसली. शेवटी तो पोटाशी धरून ती खुर्चीवर टेकली.

"काका, एवढ्या भिंतींतून हे येतं कसं?"

"तारा जोडता येतात मला," भावजी म्हणाले. "कसं येतं म्हणशील, तर मीही तुझ्यासारखाच बघत बसलोय."

रिकामी आणलेली बॅग दाराशीच उभी होती. लेक तिच्याकडे बघून म्हणाली, "ही माळ्यावर टाकू का गं? आमच्याकडे उगाच जागा अडवते." मग ती चहा करायला उठली आणि आतून ओरडली, "आई, साखर कुठाय?" वहिनींना ते ऐकू आले नाही. भावजींनी तिचा प्रश्न वहिनींना खुणेनेच सांगितला.

रविवार, २३ फेब्रुवारी. साखर बिस्किटांच्या डब्यात भरली. मुंग्या शिरू नयेत म्हणून डब्याच्या भोकांत मेण घातले.